येऊन राहिली

१

ईईजीच्या आदल्या रात्री चार तासांच्या वर झोपू नका, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मेंदू थकलेला असला की त्याचं बिंग लवकर फुटतं म्हणे. सांगायची गरज नव्हती. मी तीन रात्री जागीच होते, आणि त्याला कारण माझ्या मुलीचं एक वाक्य होतं.

आचल पाच वर्षांची आहे. केजी टूला जाते. बारा वाजता शाळेची व्हॅन तिला आमच्या अमरावतीतल्या साईनगरच्या गल्लीच्या तोंडाशी सोडते. मंगळवारी ती आली तेव्हा मी गाऊनवरच कुकर लावून कणीक मळत होते.

"डबा संपवला का?" मी विचारलं. हा माझा रोजचा पहिला प्रश्न. "थोडासा उरला" हे तिचं रोजचं उत्तर. थोडासा म्हणजे भाजी सगळी.

त्या दिवशी उत्तर आलं नाही. एका पायातला बूट हातात धरून ती उभी होती. तिनं नाक वर केलं आणि म्हणाली, "आई, चपलेचा वास येऊन राहिला."

"येऊन राहिला नाही. वास येतोय म्हण."

हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. आचल होण्याआधी दोन वर्षं मी एका हायस्कूलमध्ये मराठी शिकवत होते. नोकरी सुटली, टोकायची खोड सुटली नाही.

मी कणकेचा गोळा उलटला. कुकरची पहिली शिट्टी झाली. आणि मग मला तो वास आला.

२

तो वास कसला, ते सांगायला हवं.

मी हिवरखेडची. आठवीत असताना प्रार्थनेच्या रांगेत मी पहिल्यांदा पडले. शुद्धीवर आले तेव्हा शाळेतले मोतीराम गुरुजी माझ्या नाकाशी चप्पल धरून बसले होते. त्यांची स्वतःची, पायातून काढलेली, घामानं आणि काळ्या मातीनं भिजलेली चामड्याची चप्पल. भोवती अख्खी शाळा. कुणीतरी हळूच म्हणालं, "मिरगी हाय तिले."

तेव्हापासून प्रत्येक फिटच्या आधी मला तो वास येतो. चामडं, घाम, ओली माती. गुरुजी जाऊन दहा वर्षं झाली, चपलेनं मात्र माझी पाठ सोडली नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मला कागदावर मेंदू काढून दाखवला. कानाच्या वर एक जागा असते, तिथून माझी फिट सुरू होते. वास ही फिटची सूचना नव्हे, ती फिटचीच सुरुवात. "तो वास स्वयंपाकघरात नसतो, पौर्णिमाताई," ते म्हणाले. "फक्त तुमच्या मेंदूत असतो. शेजारी बसलेल्या माणसाला तो येणं शक्य नाही."

वासानंतर मला वाटतं की माझ्या मागं कुणीतरी उभं आहे. दाराच्या आड, श्वास रोखून. तेही नेहमीचंच म्हणे, बऱ्याच पेशंटना वाटतं. मला बरं वाटलं होतं ते ऐकून. आपल्या मागं उभं राहणारं माणूससुद्धा पाठ्यपुस्तकात असतं, याचा केवढा आधार!

शेजारी बसलेल्या माणसाला येणं शक्य नाही. मंगळवारी तो आचलला आला होता. माझ्या आधी.

३

आता एवढ्याशा गोष्टीची कुणाजवळ वाच्यता का केली नाही, तेही सांगते. त्यात माझी अब्रू जाते, पण जाऊ दे.

नोव्हेंबरात माझ्या हातातून गरम दुधाचं पातेलं सुटलं. मी पडले नाही. उभीच होते म्हणे, डोळे उघडे, ओठ चघळत. दूध आचलच्या पायापासून एक फरशी अलीकडे थांबलं. माझा नवरा कुंदन दारात होता. तो ओरडला नाही. त्यानं ते पुसलं, आणि पुसून झाल्यावर त्या फरशीवर बोट ठेवून म्हणाला, "एक फरशी, पौर्णिमा."

त्या आठवड्यात सासूबाई शेंदूरजनाघाटहून आल्या. सत्यभामा त्यांचं नाव. संत्र्याचा बगीचा त्यांनी नवऱ्यामागं एकटीनं सांभाळला आहे, त्यामुळं त्यांचं बोलणंही व्यापाऱ्याशी बोलल्यासारखं.

"बगीचा घेतांनी आमी झाडन् झाड पाह्यतो," त्या म्हणाल्या. "सून तेवढी भरवशावर घेतली."

त्यांचं खोटं नव्हतं. लग्नाच्या वेळी माझ्या बाबांनी सांगितलं होतं, "तिला जरा ऊन लागतं." मीही मान हलवली होती. हिवरखेडच्या उन्हावर सगळं खपून जातं.

ठरलं असं: एप्रिलपर्यंत एकही फिट आली नाही तर ठीक. आली, तर आचल आजीकडे जाईल, तिथंच शाळेत जाईल. "तुह्यापासून तोडून नाई नेऊन राह्यलो," सासूबाई म्हणाल्या. "पण लेकरू काय तुह्या गोळीच्या भरवशावर वाढवाचं?"

डॉक्टर अकोल्याचा निवडला तोही त्यांनीच. अमरावतीत नातलग फार.

नोव्हेंबर ते मार्च. कुंदन भावाबरोबर खताबियाण्यांचं दुकान चालवतो, नऊ ते आठ. या वेळात घरी मी आणि आचल. डॉक्टरांनी फिटा लिहायला दिलेल्या वहीत मी दर रविवारी एक सुबक 'नाही' लिहीत होते. एकूण सात वेळा मी खोटं लिहिलं. लहानच होत्या सगळ्या. मी पडत नव्हते. एखाददोन मिनिटं तेवढी जात होती.

किती जात होती ते मी कुकरवरून मोजायची. वरणाला तीन शिट्ट्या लागतात. एक ऐकली आणि नंतर एकदम वाफ जिरलेला कुकर दिसला, की समजायचं, मधल्या दोन कुणा दुसऱ्याच्या.

४

मंगळवारी एकच शिट्टी ऐकली.

नंतर मी स्वयंपाकघरात खाली बसलेले होते. गॅस बंद होता. हाताची कणीक धुतलेली. आचल माझ्याकडे पाठ करून मांडी घालून बसली होती आणि तिच्या केसांची वेणी घातलेली होती.

घट्ट, सरळ, चार पेडी वेणी.

मला चौपेडी येत नाही. आईनं एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता. चौथा पेड कुठून कुठं घालायचा हे मला कधी कळलंच नाही. आचलला मी दोन रबर लावून सोडते.

मी ती वेणी उलटी करून पाहिली. मग सोडली. हळूहळू, एकेक पेड मोजत. चारच होते.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही, मी शिकलेली बाई आहे. फिटमध्ये हात आपोआप चालतात. कुणी बटणं लावतं, कुणी पदर चाचपतं. आईनं शिकवलेलं हातांना आठवलं असेल, डोक्याला नसेल आठवलं. झालं. गॅस बंद केला तोही हातांनीच. शहाणे हात.

तरी संध्याकाळी, तिची चित्रं रंगवून झाल्यावर, मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुपारी तुझी वेणी कुणी घातली गं?"

"बाईनं."

"कोणत्या बाईनं? शाळेतल्या?"

"नाई वं. घरच्या."

"आपल्या घरी कुठं बाई आहे?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी वर्गात पहिल्या बाकावरच्या ढ मुलीकडं पाहायची. "तुले नाई दिसत. ते येते तवा तू नाई राह्यत ना."

"मी तर तिथंच असते, आचल."

"तुहा गाऊन राह्यते," ती म्हणाली. "तू नाई राह्यत."

हे डॉक्टरांनी काढलेल्या चित्रापेक्षा बरोबर होतं.

"काय करते ती?"

"गॅस बंद करते. येणी घालून देते." तिनं पिवळा खडू डबीत नीट ठेवला. "मले टोकत नाई ते. असं नाई, तसं मन, असं नाई करत. डब्याचंई नाई इचारत."

मला भीती वाटायला हवी होती. आधी वाटला तो मत्सर.

"आणि येते कधी?"

"चपलेचा वास आला का समजाचं. येऊन राहिली."

५

हे 'येऊन राहिली' मी आठवीच्या वर्गाला शिकवायची. पुण्याच्या माणसाला तुम्ही सांगितलं, पाहुणे येऊन राहिले, तर तो गाद्या घालायला घेतो. आले आणि मुक्कामाला राहिले, असं त्याला वाटतं. आपले पाहुणे तोवर बडनेऱ्यालाच असतात. ते फक्त निघालेले असतात, वाटेवर असतात. पोरं खूप हसायची.

तीन रात्री मी तेच घोळवत पडले. वाटेवर आहे, एवढंच. आपल्या बोलीत एवढाच अर्थ.

पण खरी काळजी ती नव्हती. खरी काळजी साधी होती. आचलला तो वास खरंच आला असेल, तर तिच्या मेंदूतही ती जागा आहे. माझी. मी तिला नाक दिलं, रंग दिला, हेही दिलं. आणि हे डॉक्टरांना सांगायचं तर आधी माझ्या लपवलेल्या फिटा सांगाव्या लागतील. सांगितल्या तर आचल जाईल. नाही सांगितल्या तर ती माझ्याजवळ राहील, आणि कधीतरी प्रार्थनेच्या रांगेत पडेल.

मागं उभं असणारं कुणी त्या मानानं परवडलं.

६

शुक्रवारी आम्ही तिघं बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला गेलो.

ईईजीची खोली लहान होती. रूपाली नावाच्या मुलीनं माझ्या डोक्याला चिकट मलम लावून एकवीस वायरी लावल्या. "आता केसांचा तेवढा सत्यानाश होईन ताई, बाकी काई नाई," ती म्हणाली. कुंदन बाहेर पैसे भरायला रांगेत होता. आचलला तिनं भिंतीकडच्या बाकावर बसवलं. "तू हलू नको बरं, मम्मी झोपून राह्यली."

डोळे मिटा. उघडा. मिटा. जोरजोरात श्वास घ्या. डोळ्यांवर दिवा लुकलुकला. यंत्र एकसुरात गुणगुणत होतं.

मग वास आला.

चामडं, घाम, ओली माती. त्या औषधी खोलीत, इतका जवळ की मी तोंड फिरवलं. मागं कुणी उभं आहे हे वाटणंही आलं. पण मागं तर उशी होती. मी पाठीवर पडलेली होते. मागं उभं राहायला जागाच नव्हती.

मी डोळे उघडले.

आचल माझ्याकडं पाहत नव्हती. ती माझ्या बाजूला, जरा वर पाहत होती, उंच माणसाच्या चेहऱ्याकडं पाहावं तसं. मग तिनं आपली पाण्याची बाटली उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर सरकून कडेला झाली. एका माणसापुरती जागा केली. घरी पाहुणे आले की मी तिला करायला सांगते, तशी.

"डोळे मिटा ताई," रूपाली म्हणाली.

मी मिटले.

७

डॉक्टरांनी आलेख पाहिला. फारसं काही सापडलं नाही, पण म्हणून काही नाहीच असं होत नाही, असं ते म्हणाले. मग वही उघडली. "नोव्हेंबरनंतर एकही नाही? छान."

माझं उत्तर तयार होतं. माझ्या शेजारी कुंदन बसला होता, त्याच्या मांडीवर आचल. तिनं आपलं छोटं नाक वर केलं. बहुतेक डॉक्टरांच्या टेबलावरच्या सॅनिटायझरचा वास घेत होती. मला तेवढं पुरलं.

"सात," मी म्हणाले. "सात आल्या. मंगळवारी आठवी आली. आणि एक, तासाभरापूर्वी."

कुंदननं माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानं आचलचे पाय आपल्या हातात घट्ट धरले, दोन्ही.

मी सगळं सांगितलं. म्हणजे वास सांगितला. बाकाचं आणि वेणीचं नाही सांगितलं. वेडी ठरायलाही काही हद्द असते.

त्यांनी आचलचीही तपासणी करायला लावली. दुपारी तिच्या डोक्याला वायरी लावल्या, तेव्हा ती रडली नाही. आलेख स्वच्छ आला. "मुलं आईचा चेहरा फार बारकाईनं वाचतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या चेहऱ्यात काहीतरी बदलतं ते तिला तुमच्याआधी कळतं. चपलेचा शब्द घरात कधीतरी कानावर पडला असेल. काळजी करू नका, लक्ष ठेवा." माझी गोळी त्यांनी वाढवली.

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर कुंदननं पिशवीतून ती वही काढली. मग म्हणाला, "सात वेळा तू वहीत 'नाही' लिहिलं. सुबक अक्षरात."

"हो."

"पुढच्या रविवारी आईला बोलावतो."

मी बरं म्हणाले. एवढंच समाधान की ती स्वच्छ होती. माझ्यापासून दूर जाणार होती ती, पण माझं काही बरोबर न नेता.

८

तेव्हापासून नऊ दिवस झाले, वास आला नाही. एकदाही नाही. तीन शिट्ट्या, मोजून तीन, रोज. मागं दाराआड कुणी नाही. नशिबाची थट्टा म्हणा, लेकरू द्यायचं ठरलं आणि मी बरी झाले.

या नऊ दिवसांत मी आचलला एकदाही टोकलं नाही. जाणारच आहे, बोलू दे कशीही. डब्याचंही विचारलं नाही. विचारावंच लागलं नाही, डबा रिकामा येत होता.

रविवारी सकाळी सासूबाई आल्या. कुंदन भावाची गाडी आणायला गेला. मी आचलची बॅग भरली आणि तिला पुढ्यात घेऊन केस विंचरायला बसले. ती शांत होती. मला वाटलं होतं रडेल. निदान गळ्यात पडेल.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आवाज मऊ होता. "दर शनिवारी आणीन तिले. मनाले लावून नको घेऊ. गोळी तेवढी येळेवर घेत जा." मग त्या वाकल्या. "चौपेडी? हे तुले कवापासून येते?"

"मला तर पहिल्यापासून..." मी म्हणाले, आणि थांबले.

हात थांबले नाहीत. चौथा पेड दुसऱ्यावरून तिसऱ्याखाली गेला. कुठून कुठं घालायचा यात कळायचं होतं तरी काय? मी आईचा चेहरा आठवून पाहिला, ती शिकवत होती तो. नाही आठवला. पहाटे जागी होते, म्हणून असेल. मी शेवटाला रबर बांधलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सासूबाई बॅग घेऊन पुढं गेल्या. आचल उंबऱ्याशी बसून सँडल घालू लागली. मी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"आचल," मी हळूच विचारलं, पहिल्यांदाच तिच्या बोलीत. "ते बाई अजून येऊन राह्यली का वं?"

तिनं बक्कल लावलं. मान हलवली. "नाई. आता नाई येऊन राह्यली."

माझा जीव भांड्यात पडला. संपलं. गोळीनं संपलं, किंवा तिच्या मनातून उतरलं, काही का असेना.

ती उठली. फ्रॉक झटकला. व्हॅनमधून उतरताना शाळेतल्या बाईंना करते तसा तिनं मला हात केला, आणि म्हणाली,

"जातो, बाई. आई आली का तिले सांगजा, डबा रोज संपवला मनून."